चांदवाल्याचा कान

मला ऐकू येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाची फसगत नको. लहानपणी यायचं. लख्ख यायचं, ओढ्यापलीकडच्या पाड्यावर कुणी पहाटे जात्यावर बसलं तरी मला अंथरुणात कळायचं. आता घरातली पोरं माझ्यासमोर येऊन ओठ हलवतात, मी ते वाचते, आणि नाहीच कळलं तर फोनवर लिहून दाखवतात. माझं बोलणं मात्र चालू आहे. जरा जास्तच आहे म्हणतात. समोरच्यानं मध्ये तोंड घातलं तरी मला पत्ता लागत नाही, त्यामुळं माझं वाक्य आजवर कुणाला तोडता आलेलं नाही. पण आवाज म्हणून माझ्यापाशी जे काही शिल्लक आहे ते सगळं आमच्या त्या जुन्या घरातलं आहे, आणि त्यातले निम्मे आवाज शेळ्यांचे आहेत.

पेठच्या रस्त्यानं घाट चढून वर आलं की डाव्या हाताला एक कच्ची गाडीवाट उतरते, ती आमच्या पाड्यावर जाते. घर कारवीच्या कुडाचं, शेणानं लिंपलेलं, वर जुनी कौलं. एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला शेळ्या, मध्ये कमरेएवढा कूड. अंथरुणावर पडलं की पलीकडून रवंथ करण्याचा आवाज यायचा, अगदी एकसारखा, आणि त्यातच कुणीतरी खोकायचं. शेळीचा खोकला माणसासारखाच असतो. बाबा अर्धवट झोपेत विचारायचे, "कोन खोकलं? मंदी का पाठ?" मंदी म्हणजे मी, आणि पाठ म्हणजे नवी तरणी शेळी. आई म्हणायची, "झोपा. पाठ हाय." सकाळी चुलीत फाटी कडकडायची, आई नागलीची भाकरी थापायची तो हाताचा आवाज, आणि कुडावरून एखादं करडू मुंडी काढून तिच्याकडं बघत ओरडायचं. त्याला भाकरीचा पहिला तुकडा मिळायचा, आम्हाला दुसरा. चहा शेळीच्या दुधाचा. पाहुणे नाक मुरडत प्यायचे आणि आई मुद्दाम अजून अर्धा कप ओतायची.

शेळ्या आम्ही मटणासाठी पाळायचो, पण मटण आमच्या ताटात वर्षातून एखाद्या वेळी, सणाला. एरवी उडदाची आमटी, नाहीतर सुकट लसूण-मिरचीत परतलेली. आणि शेळ्यांना नाव ठेवायचं नाही, हा आईचा कायदा होता. "खायच्या जिनसाला नाव ठेवलं की घास उतरत नाय," म्हणायची. म्हणून आमच्याकडं सगळ्या खुणेनं ओळखायच्या, ही कबरी, ती आखूड कानाची, ती लंगडी. खरं म्हणजे त्या शेळ्या आमच्या नव्हत्याच. दिंडोरीकडच्या एका द्राक्षवाल्याच्या होत्या, आम्ही वाट्यानं राखायला घेतलेल्या. शेळ्या त्यांच्या, राखण आमची. होणाऱ्या करडांत एक त्यांचं, एक आमचं. आमच्या वाट्याची करडं लहानपणीच विकली जायची, कारण घरात काहीतरी कायम अडलेलं असायचं. त्या वर्षी मात्र बाबांनी हट्टानं एक ठेवला. काळा कुळकुळीत बोकड, आणि कपाळावर पांढरी कोर.

ती कोर बघूनच रशीदचाचा भाळले. चाचा जुन्या नाशकातले. बकरी ईदच्या आधी टेम्पो घेऊन पाड्यापाड्यांवर फिरायचे आणि थंडीतच बोकड बघून, इसार देऊन ठेवायचे. त्यांनी आमच्या अंगणात उकिडवं बसून त्याचं तोंड उघडलं, दात बघितले, शिंगं हलवून बघितली, दोन्ही कान उन्हात धरून आरपार बघितले, मग त्याला चालवलं. "भाऊ, ये चांदवाला मेरा," म्हणाले. "पण ऐक. कुर्बानीला जनावर बेऐब पायजे. शिंग तुटलं, पाय लंगडला, कान फाटला, की गिऱ्हाईक हात नाय लावणार आणि शिव्या मला बसतील. संभाळ." तेव्हापासून आईचा कायदा असूनही त्याला नाव पडलं. चांदवाला.

त्याची बडदास्त काय सांगू! आम्ही खाली बागांमध्ये कामाला गेलो की येताना त्याच्यासाठी बाभळीच्या शेंगा गोणीत भरून आणायच्या. त्या खाताना त्याच्या तोंडातून कडूम कडूम असा आवाज यायचा, तो मला आजही हवा तेव्हा काढता येतो, मनातल्या मनात. कुंपणात शिंग अडकेल म्हणून बाबा त्याला मोकळा सोडत नव्हते. कान काट्यात फाटेल म्हणून बोरीचा पाला त्याला तोडून द्यायचा, झाडाला तोंड लावू द्यायचं नाही. बाबांनी बाजारातून पितळेची छोटी घंटी आणून त्याच्या गळ्यात बांधली, म्हणजे तो हलला की घरात कळावं. आणि वास! न ठेचलेल्या, म्हणजे खच्ची न केलेल्या बोकडाचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. आईनं ठरवून टाकलं होतं, चांदवाला गेला की घरावर पत्रा येणार. कौलं बदलून बदलून बाबांनी हात टेकले होते.

उन्हाळा लागला. ईद जवळ आली होती. मी पाल्याचा भारा घेऊन दुपारी घरी आले आणि दारातच बसले. डोकं फुटेल असं दुखत होतं. संध्याकाळपर्यंत ताप एवढा चढला की आई हात लावायची आणि काढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी मान वाकेना, आणि उजेड सहन होईना. दार उघडलं की मी ओरडायची. आईनं ओला पंचा माझ्या डोळ्यांवर टाकला आणि तो सुकला की पुन्हा भिजवून टाकायची. म्हणून पुढचं जे सांगते आहे ते मी पाहिलेलं नाही. ऐकलेलं आहे.

पेठहून बाबांनी एका डॉक्टरला त्याच्याच फटफटीवरून आणलं. त्यानं सुई दिली आणि बाहेर जाऊन बाबांना म्हणाला, "इथं थांबू नका. नाशिकला न्या. आजच न्या." आज कसं न्यायचं? एसटीत मी बसू शकत नव्हते, साधं उशी हलवली तरी किंचाळत होते. गाडी पाड्यावर कुणाकडं नव्हती. दादा, माझा थोरला भाऊ, खाली बागेत कामावर होता. बाबा म्हणाले, "मी पेठला जातो, बूथवरून चाचाला फोन लावतो. तसाही तो येणारच हाय बोकडाला. म्हनावं आजच ये. बोकड घेईल, पैसं देईल, आन पोरीला त्याच टेम्पोत घालू." बाबांच्या वहाणांचा आवाज वाटेनं चढत गेला. घरात आई, मी आणि कुडापलीकडं जनावरं.

आता हे सांगायला हवं की आमच्याकडं जीव टांगणीला लागला की टेकडीवरच्या आईला बोकड बोलतात. टेकडीवरची आई म्हणजे मोहाच्या झाडाखालचा शेंदूर लावलेला तांदळा, दुसरं काही नाही. बोकड बोलायचा तर त्याच्या कानाच्या टोकाला छोटीशी चीर द्यायची. एकदा ती चीर पडली की तो देवीचा. त्याला विकायचा नाही, कुणी त्याच्यावर काठी उगारायची नाही. माणूस बरं झालं की त्याला टेकडीवर न्यायचं. आणि वाट्याचं जनावर देवीला चालत नाही; स्वतःचं असेल तेच द्यावं लागतं. आमच्या अख्ख्या घरात स्वतःचं असं एकच जनावर होतं.

ऊन कलायच्या आधीची वेळ असेल. मला मधूनच झटके यायला लागले होते, दात वाजत होते. आईनं मला घट्ट धरलं, मग सोडलं. कुडात खोचलेला विळा ओढून काढल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. घंटी वाजली. मग आई बोलायला लागली, मोठ्यानं, भांडल्यासारखी. "हा माझा हाय. वाट्याचा नाय. ह्या हातानं शेंगा चारल्यात ह्याला. घे, तुझा झाला. पोरीला तेवढी उठून बसव, आई, माझी येवढी एकच पोरगी हाय गं!" आणि चांदवाला ओरडला. बोकड खूप वेळा ओरडतात, पण तसा नाही. घंटी वेड्यासारखी वाजत राहिली आणि त्यात आईचा आवाज, एकदम लहान पोरीसारखा, "अगं बाई! अगं बाई गं!" चीर द्यायची होती टोकाला. अर्धा कान खाली पडला होता.

ती आली आणि माझ्या कपाळाला बोट लावलं. ऊन ऊन, चिकट. तिचा श्वास मोठमोठ्यानं चालला होता.

टेम्पो आला तेव्हा दिवस अजून होता. गाडीतल्या बोकडांचा गलका वाटेच्या वरूनच ऐकू आला. बाबा धावत आले असावेत. "मंदे, चाचा आला बघ, आलाच," म्हणाले, आणि तिथंच गप्प झाले. त्यांना अंगणात रक्त दिसलं असणार. मग चाचांचा आवाज.

"ये क्या किया, भाभी?"

घंटी वाजली, त्यांनी चांदवाल्याला जवळ ओढलं.

"अरे, जरा चीर असती ना, तर मी गिऱ्हाईकाला समजावलं असतं. ये तो आधा गया." ते बोटांनी कान मोजत असावेत, कारण चांदवाला नाक फुरफुरवत होता. "आता ह्याला कोण घेणार? आणि तू तर त्याला देवीला सोडला. तुमच्या देवीचा माल मी कसा उचलू?"

"मला इचारायचं तरी!" बाबा ओरडले. माझ्या आयुष्यात बाबा आईवर ओरडलेले मी एवढं एकदाच ऐकलं. "गाडी दारात यायची व्हती! येवढ्यासाठीच गेलो व्हतो ना मी? आता पोरीला काय घेऊन जाऊ नाशकाला, देवीचा अंगारा?"

"तुम्ही आला नसता तर?" आई म्हणाली. "तिचं दात वाजत व्हतं. मी काय करायचं व्हतं, बसून बघायचं व्हतं?"

टेम्पोतले बोकड तेवढे ओरडत होते. मग चाचा जवळ आले, त्यांच्या अत्तराचा वास आला. "भाऊ, बोकडाचं बोकडाला राहू दे," म्हणाले. "इसाराचं पण राहू दे. पोरीला उचल. चल, पाय धर तिकडून."

म्हणजे शेवटी मी त्याच टेम्पोतून गेले, चांदवाल्याच्या जागेवर. मागं गोण्या अंथरल्या, आईच्या मांडीवर माझं डोकं, आणि चहूबाजूंनी ईदचे बोकड. निघालो तेव्हा अंगणातून चांदवाल्याची घंटी येत होती. घाटात गाडी वळणं घ्यायला लागली, बोकड एकमेकांवर पडायचे, ओरडायचे, एकाचा पाय माझ्या पोटावर पडला आणि आईनं त्याला शिव्या घातल्या. गाडीचा भोंगा, पाट्यांचा खडखडाट, आणि बोकडांचा तो कालवा. हळूहळू तो दूर जायला लागला. मला वाटलं बोकड कुठंतरी उतरवत आहेत. एकेक करून गाडी रिकामी होते आहे असं वाटलं, आणि मग सगळीच रिकामी झाली.

शुद्धीवर आले ती दवाखान्यात. किती दिवसांनी ते मला ठाऊक नाही. खोलीत खूप खाटा, माणसं इकडून तिकडं जात होती, एक बाई पोराला चापट मारत होती, आणि कुठं चिटपाखराचा आवाज नव्हता. मला बाई मोठं कौतुक वाटलं! म्हटलं शहरातली माणसं किती शिस्तीची. मग आई वाकली. तिचा चेहरा माझ्या तोंडाजवळ आला, तोंड उघडत होतं, मिटत होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. ती ओरडत होती. तेव्हा मला कळलं.

डॉक्टरांनी दादाला सांगितलं, दादानं मला पाटीवर लिहून दाखवलं. मेंदूच्या आवरणाचा ताप. कानाची नस गेली. जीव वाचला हेच मोठं. मी ती पाटी पुसली आणि पुन्हा लिहायला लावलं. त्यानं पुन्हा तेच लिहिलं.

घरी आलो. चांदवाला अंगणात उभा होता, एक कान पुरता, एका कानाचं खोड. आईनं टेम्पोतून उतरल्यावर त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि खाली बसली. ती काय समजली ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं कान कापला होता आणि देवीनं कान घेतला होता. बाबांनी समजावलं, दादानं डॉक्टरचं सांगितलं, तापात असं होतं म्हणाला. आईनं मान डोलावली, पण पटलं नाही ते नाहीच.

पाड्यावर देवीची पूजा सोमाबाबा करायचे. म्हातारे, पाठीत वाकलेले. ते आले आणि म्हणाले, पोरगी जितीजागती घरी आली, नवस फेडा, लांबवू नका. आणि आईनं नाही म्हणून सांगितलं. हा सगळा प्रकार मी दादाच्या पाटीवर वाचला. आई म्हणाली, "मी पोरगी मागितली व्हती, अख्खी. तिनं अर्धी दिली. तिला ऐकू आनून दे म्हनावं, मग बोकड घे. त्याच्याआधी दोर सोडनार नाय." सोमाबाबांच्या तोंडचं पाणी पळालं. देवीशी असा सौदा पाड्यावर आजवर कुणी केला नव्हता. आईचा हिशोब सरळ होता. बोकड दिला की व्यवहार पुरा झाला, कानाचा निकाल लागला. बोकड दावणीला आहे तोवर बोलणी चालू आहेत.

आणि बोलणी चालूच राहिली. माझ्या कानात तेल पडलं, पाल्याचे रस पडले, कुणी सांगेल ते पडलं. दर सकाळी आई चांदवाल्याला सोडायची, माझ्या मागं आणून उभा करायची आणि त्याची घंटी हलवायची. मग पुढं येऊन विचारायची. तिच्या ओठांवरचा मी शिकलेला पहिला शब्द तो. "वाजली?" मी मान हलवायची, नाही. रोज. ती त्याला परत बांधून यायची.

एकदा मात्र मी वळले. भांडी घासत होते आणि मागून तो भपका आला, चांदवाल्याचा. मी नाक धरून वळले तर आई! तिनं घंटी टाकली, मला मिठी मारली, अंगणभर नाचली, शेजारच्या घरी ओरडत गेली. बाया जमा झाल्या. आईनं गूळ वाटला. मी सांगत होते, "अगं, वास आला मला, वास!" पण माझा आवाज मला कुठं कळत होता, किती मोठा, किती बारीक. तिनं मला पाठमोरी करून पुन्हा घंटी वाजवली, या वेळी वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला. मी तशीच उभी. बाया एकेक करून उठल्या. गूळ हातातच राहिला होता एकीच्या, तिनं तो ओट्यावर ठेवला आणि गेली.

त्या दिवशी मला मरून जावंसं वाटलं. मी लपवत नाही. ऐकू येत नव्हतं त्याचं दुःख होतंच, पण त्याची हळूहळू सवय लागत होती. सवय न लागू देणारी माझी आई होती. रोज सकाळी मी नव्यानं बहिरी व्हायची.

वर्षं गेली. वाट्याच्या शेळ्या व्यायल्या, करडं आली आणि गेली. त्यांतली कित्येक चांदवाल्याचीच, काळी, एखाद्याच्या कपाळावर कोर. चाचा दरवर्षी यायचे, त्यांतलं एखादं घेऊन जायचे, चांदवाल्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि माझ्याकडं बघून हात वर करायचे, कशी आहेस? मी शिवणकाम शिकले. घरावर पत्रा आला, दादाच्या कमाईतून. आमच्याकडं बोकड म्हातारा होत नाही, त्याला तेवढा वेळच कुणी देत नाही. त्यामुळं म्हातारा बोकड दिसतो कसा हे पाड्यानं पहिल्यांदाच पाहिलं. त्याची दाढी पिवळी झाली, गुडघे सुजले. दात पडले. बाभळीच्या शेंगा त्याला फुटेनात, तेव्हा आई त्या पाट्यावर कुटून, भिजवून त्याला भरवायला लागली. बाबा घाबरले होते. देवीचा बोकड दावणीला मेला तर काय होईल याची कुणाला कल्पनाच नव्हती. आईला तर त्याहून वाईट भीती होती. तो मेला की तिच्या हातात काहीच उरणार नव्हतं. ती रात्रंदिवस त्याच्याजवळ बसायला लागली. भाकरी करपायला लागली, अंगावर मांस राहिलं नाही. एक दिवस तो उठेना तेव्हा तिनं त्याच्या पोटाखाली हात घालून त्याला उभा केला, आणि तो उभा राहिला तशी त्याच्या मानेवर डोकं टेकून रडली. मी दारातून बघत होते. बोकड जगवता जगवता माझी आई मरणार, हे मला तिथं स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोर मी सोडला. आई आडवी आली. मी म्हटलं, "आई, मला आता काही नको. कान नको, काही नको. मला तू पायजे." ती दोराला धरून राहिली, मी चालत राहिले, आणि ती दोराबरोबर मागं आली. बाबांनी सोमाबाबांना हाक मारली. दादा आला. टेकडी चढताना चांदवाला दर चार पावलांवर थांबायचा, मग आम्ही सगळेच थांबायचो.

वर सोमाबाबांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि पाठीवर तांब्यानं पाणी ओतलं. रीत अशी की पाणी पडलं की बोकडानं अंग झाडायचं. झाडलं म्हणजे देवीनं घेतला. नाही झाडलं तर त्याला हात लावायचा नाही, वाट बघायची. आम्ही वाट बघत राहिलो. चांदवाल्यानं गळ्यातली माळ ओढून झेंडू चघळायला सुरुवात केली. सोमाबाबांनी पुन्हा पाणी ओतलं. त्याच्या पोटाखालून थेंब गळत होते, आणि तो ढिम्म. बाबांनी टोपी काढून हात जोडले, उशीर झाला म्हणून माफी मागितली. तो ढिम्मच. मग सोमाबाबा आईकडं वळले. काय म्हणाले ते मला ठाऊक आहे, कारण अशा वेळी तेच म्हणतात. मनात काही अडलं असेल तर बोलून टाका.

मला वाटलं आई देवीशी भांडेल. पण ती देवीकडं वळलीच नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, माझी हनुवटी धरली, आणि मला वाचता यावं म्हणून एकेक शब्द सावकाश बोलली.

"माझा हात हालला, मंदे. जराशी चीर द्यायची व्हती. मी घाबरले व्हते, हात हालला. जास्ती कापला गेला."

एवढी वर्षं तिच्या पोटात हे होतं. देवी नाही, सौदा नाही, तिचा हात. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "तुझा हात नाय हालला, आई. बोकड हालला. मी बघत व्हते ना. त्यानं मुंडी झाडली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या मागं चांदवाल्यानं अंग झाडलं, मुंडीपासून शेपटीपर्यंत, माझ्या तोंडावर पाणी उडालं, आणि त्याच्या गळ्यातली घंटी जोरात हलताना मला दिसली. सगळ्यांनी हात जोडले. आई वळली नाही. तिनं मला विचारलं, शेवटचं.

"वाजली?"

"नाय वाजली, आई."

तिनं मान डोलावली. मग वळून चांदवाल्याच्या गळ्यातून घंटी सोडून घेतली, त्याच्या त्या कानाच्या खोडावरून एकदा हात फिरवला आणि दोर बाबांच्या हातात दिला. घंटी तिनं कनवटीला लावली, आणि पुन्हा कधी माझ्या मागं वाजवली नाही.

कान कापला त्या दिवशी माझ्या डोळ्यांवर पंचा तिनंच टाकला होता, तिनंच भिजवून भिजवून पुन्हा टाकला होता. हे तिला आठवत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. बोकड फार म्हातारा होता. टेकडीवर तीन दगडांच्या चुलीवर मटण शिजता शिजेना, शिजायला संध्याकाळ झाली, आणि आईनं पहिला तुकडा फुंकर घालून माझ्या तोंडात दिला.